अँटवर्प, १५३४ : बायबलमधला ‘पुनरुत्थान’ हा शब्द बदलला तेव्हा

ऑगस्ट १५३४ मध्ये अँटवर्पच्या एका छापखान्यातून इंग्रजी नव्या कराराची लहान आकाराची आवृत्ती बाहेर पडली. अखेरच्या पानावर मजकूर होता : हा नवा करार काळजीपूर्वक तपासून, दुरुस्त करून एंडहोव्हनच्या ख्रिस्तोफेलच्या विधवेने छापला आहे. भाषांतर विल्यम टिंडेलचे होते. दुरुस्ती कोणी केली, ते मात्र पुस्तकात कुठेच छापलेले नव्हते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २२ वा अध्याय उघडला की फरक दिसायचा. टिंडेलने जिथे ‘पुनरुत्थान’ लिहिले होते, तिथे आता ‘या जीवनानंतरचे जीवन’ असे शब्द होते. काही ठिकाणी ‘खरे जीवन’ होते.

एका शब्दाच्या या अदलाबदलीवरून टिंडेल आणि ती दुरुस्ती करणारा जॉर्ज जॉय हे दोन निर्वासित इंग्रज सुधारणावादी, म्हणजे रोमच्या चर्चमध्ये सुधारणा मागणारे, एकमेकांचे वैरी झाले. मेल्यावर आत्म्याचे काय होते, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद इतक्या उघडपणे भाषांतराच्या टेबलावर क्वचितच आला असेल. म्हणून अभ्यासाला हेच प्रकरण घेतले आहे.

वाद नेमका कशाचा, ते आधी पाहू. ख्रिस्ती विश्वासाच्या या विषयात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे शेवटच्या दिवशी मेलेले लोक शरीरासह उठतील. दुसरी म्हणजे मरणापासून त्या दिवसापर्यंतच्या काळात आत्मा कुठेतरी जागा असतो, त्याला जाणीव असते. पहिलीबद्दल मुख्य प्रवाहात मतभेद नाही. ती धर्मसारातच, म्हणजे चर्चच्या विश्वासाच्या ठरलेल्या कबुलीतच आहे. भांडण दुसरीचे आहे. मराठी वाचकाची इथे एक अडचण होते. ‘पुनरुत्थान’ ऐकले की कानात ‘पुनर्जन्म’ घुमतो, आणि ‘आत्मा’ म्हटले की शस्त्राने न तुटणारे, अग्नीने न जळणारे गीतेतले तत्त्व डोळ्यापुढे येते. इथे दोन्ही अर्थ बाजूला ठेवावे लागतात. पुनरुत्थानात माणूस दुसऱ्या देहात जात नाही. तोच माणूस, त्याच देहाने, देवाच्या सामर्थ्याने एकदाच उठतो. आणि बायबलमधला आत्मा स्वभावतःच अमर आहे की नाही, इथेच तर सारा प्रश्न आहे.

हिब्रू ‘नेफेश’ हा शब्द मराठीतल्या ‘जीव’ला फार जवळचा आहे. आपण म्हणतो, जीव घाबरला, जीव भुकेला, घरात खाणारे दहा जीव. नेफेशही असाच वापरतात. उत्पत्ती ४६:२७ मध्ये याकोबाच्या घराण्यातली सत्तर माणसे मोजली आहेत ती ‘सत्तर नेफेश’ म्हणून. गणना ६:६ मध्ये तर प्रेताला ‘मेलेला नेफेश’ म्हटले आहे. मेलेला जीव हा शब्दप्रयोग ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अमर आत्म्याला लावून पाहा, लागत नाही. दुसऱ्या बाजूला नव्या करारात वधस्तंभावरच्या चोराला ‘आज’ सुखलोकाचे वचन मिळते (लूक २३:४३), मेल्यावरही जागे असलेले श्रीमंत माणूस व लाजर यांचा दाखला आहे (लूक १६), आणि ‘येथून सुटून ख्रिस्ताजवळ असावे’ अशी पौलाची इच्छा आहे (फिलिप्पै १:२३). दोन्ही बाजूंकडे वचने आहेत, म्हणून तर वाद इतकी शतके टिकला.

रोमच्या चर्चने आपला निकाल आधीच दिला होता. २९ जानेवारी १३३६ रोजी पोप बारावा बेनेडिक्ट याने जाहीर केले की शुद्ध झालेले आत्मे शेवटच्या न्यायाची वाट न पाहता लगेच देवाचे दर्शन घेतात. हे सांगावे लागले, कारण त्याच्या आधीचा पोप बाविसावा जॉन याने प्रवचनांत उलट मत मांडले होते. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने बेनेडिक्टच्याच मताला दुजोरा दिला. डिसेंबर १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने आत्मा मर्त्य आहे म्हणणाऱ्यांचा धिक्कार केला.

सुधारणावाद्यांना हा निकाल का खुपला, ते नीट समजून घेतले पाहिजे. आत्मा मेल्याबरोबर जागेपणी स्वर्गात जात असेल, तर संतांना प्रार्थना करण्याला आधार मिळतो. तो शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाआधी पापे धुऊन निघण्याच्या जागी, यातना भोगत असेल, तर त्याच्यासाठी मिस्सा आणि पापदंडमाफीच्या पत्रांना आधार मिळतो. पण तो झोपलेला असेल तर? मग दोन्ही व्यवहार पायापासून ढासळतात. जर्मन सुधारणावादी मार्टिन लूथरच्या १५२० नंतरच्या लिखाणात मृतांच्या झोपेची भाषा वारंवार येते, ती याच ओढीने. १५२९ मध्ये इंग्लंडमधला कॅथलिक विद्वान थॉमस मोर याने लूथर व टिंडेल या दोघांवर हल्ला चढवला. १५३१ च्या उत्तरात टिंडेल म्हणाला, तुम्ही आत्म्यांना स्वर्गात, नरकात, शुद्धिस्थानात बसवता आणि ख्रिस्ताने व पौलाने पुनरुत्थान ज्या युक्तिवादांनी सिद्ध केले तेच मोडीत काढता. आत्मे स्वर्गात देवदूतांइतक्याच सुखात असतील, तर पुनरुत्थानाचे प्रयोजन काय उरले? हा प्रश्न धारदार आहे. १ करिंथ १५ मध्ये पौल म्हणतो की मेलेले उठत नसतील, तर ख्रिस्तात झोपी गेलेल्यांचा नाश झाला आहे. आत्मे आधीच सुखरूप असते, तर पौलाला असे म्हणता आले नसते.

आता जॉर्ज जॉय. केंब्रिजचा हा विद्वान १५२७ मध्ये पाखंडाच्या आरोपामुळे इंग्लंड सोडून पळाला. १५३० मध्ये इंग्रजीत छापलेले पहिले स्तोत्रसंहितेचे पुस्तक त्याचे. म्हणजे नवशिका नव्हता. मात्र तो लॅटिनवरून काम करी, आणि टिंडेल ग्रीकवरून. पुढे जे झाले त्यात हा फरक महत्त्वाचा ठरला.

टिंडेलच्या १५२६ च्या नव्या कराराच्या चोरट्या आवृत्त्या अँटवर्पचे डच छापखाने काढत होते. खिळे जुळवणाऱ्यांना इंग्रजी येत नसे, म्हणून प्रत्येक आवृत्तीत मागच्या चुका राहत आणि नव्यांची भर पडे. टिंडेल स्वतः सुधारित आवृत्ती तयार करत होता, पण ती लांबत चालली होती. छापखान्याने जॉयला गाठले. तो आधी नको म्हणाला, मग तयार झाला. त्याच्या सांगण्यानुसार त्याने नकार दिला असता तरी छपाई तपासनिसाविना होणारच होती. मोबदला ठरला सोळा पानांच्या प्रत्येक फर्म्याला साडेचार पेनी. सगळे मिळून त्याच्या हातात आले चौदा फ्लेमिश शिलिंग. ही रक्कम त्याने स्वतःच पुढे जाहीर केली, कारण पैशासाठी केले हा आरोप त्याला झोंबला होता. तो आरोप आम्हाला खरा वाटत नाही. इतक्या थोड्या पैशांसाठी कोणी अख्खा नवा करार ओळीओळीने तपासत नाही. त्याला खात्री होती की आपण चूक दुरुस्त करतो आहोत.

ती खात्री कुठून आली हे समजायचे तर मत्तय २२:२३-३३ जवळून वाचावे लागते. शेजारी मार्क १२:१८-२७ आणि लूक २०:२७-३८ ठेवावे.

सदूकी नावाच्या यहुदी पंथाचे लोक येशूकडे येतात. एका बाईने मोशेच्या नियमाप्रमाणे (निपुत्रिक मेलेल्याच्या विधवेशी त्याच्या भावाने लग्न करावे) एकामागून एक सात भावांशी लग्न केले, सातही मेले. पुनरुत्थानात ती कोणाची बायको? येशू आधी सांगतो की तिथे लग्ने होत नाहीत. मग मूळ मुद्द्याला हात घालतो : जळत्या झुडपापाशी देव मोशेला म्हणाला, मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव आहे, आणि देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे.

जॉयने इथे बोट ठेवले. हा युक्तिवाद सिद्ध काय करतो? अब्राहामाचे शरीर तर हेब्रोनच्या गुहेत माती झाले होते. मोशेच्या काळी देव त्याचा देव ‘आहे’ आणि देव जिवंतांचाच देव, तर अब्राहाम त्या क्षणी जिवंत होता असे निघते. म्हणजे हे आत्म्याच्या जगण्याचे प्रमाण झाले; शरीर उठण्याचे नव्हे. शिवाय सदूकी काय नाकारत होते? प्रेषितांची कृत्ये २३:८ सांगते की ते पुनरुत्थान, देवदूत आणि आत्मा, तिन्ही नाकारत. इतिहासकार जोसेफसही लिहितो की सदूकींच्या मते शरीराबरोबर आत्मे नष्ट होतात. प्रश्न विचारणाऱ्याचा नकार ‘मेल्यावर काहीच नाही’ असा असेल, तर उत्तर ‘मेल्यावर जीवन आहे’ असेच असणार. म्हणून, जॉयचे म्हणणे, या ठिकाणी ग्रीक ‘अनास्तासिस’चा अर्थ शरीराचे उठणे नसून या जीवनानंतरचे जीवन असा आहे. जिथे शरीर उठण्याचीच गोष्ट आहे असे त्याला वाटले, तिथे त्याने ‘पुनरुत्थान’ तसेच ठेवले. त्याने पुनरुत्थान नाकारले असा समज अजूनही कधी कधी दिसतो. तो चुकीचा आहे.

त्याच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे, आणि तो वजनदार आहे. लूक २०:३८ मध्ये येशूच्या उत्तरात एक वाक्य जास्त आहे : देवाला सर्व जण जिवंतच आहेत. वाक्य वर्तमानकाळी आहे, ‘जिवंत होतील’ असे नाही.

मग जॉय कुठे घसरला? पहिली घसरण तिन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवली की लगेच दिसते. मत्तय २२:३१ मध्ये शब्द आहे ‘मेलेल्यांचे अनास्तासिस’. मार्क १२:२६ आणि लूक २०:३७ मध्ये मात्र त्याच जागी नाम नाही, क्रियापद आहे : मेलेले ‘उठवले जातात’. हे क्रियापद ‘एगेइरो’, म्हणजे झोपलेल्याला उठवणे, पडलेल्याला उभे करणे. त्याला ‘या जीवनानंतर जगतात’ असा अर्थ चिकटवता येत नाही. तीन लेखक एकच प्रसंग सांगतात आणि त्यातले दोघे ‘उठणे’ असे स्पष्ट म्हणतात, तेव्हा तिसऱ्याच्या नामाचा अर्थ त्यांच्या उलट लावणे कठीण आहे. ‘अनास्तासिस’ची घडणही तीच : ‘अना’ म्हणजे वर किंवा पुन्हा, आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभे राहणे. मराठी ‘पुनरुत्थान’ जवळजवळ त्याच मापाचे आहे. लॅटिनच्या आधाराने काम करणाऱ्याला ‘रेसुरेक्तिओ’ हा ठरीव पारिभाषिक शब्दच दिसतो. त्याच्या आतले ‘उभे राहणे’ सहज नजरेत भरत नाही.

दुसरी घसरण तर्काची. युक्तिवादाचा एक टप्पा आत्म्याच्या जगण्यातून जातो असे मानले, तरी त्याचा निष्कर्ष तोच असतो असे नाही. येशूची मांडणी अशी वाचता येते : देवाने अब्राहामाशी बांधलेला करार मरणाने तुटलेला नाही, म्हणून देव त्याला उठवणारच. इथे अब्राहामाचे आज देवाजवळ असणे ही पायरी आणि उठणे हा माथा. जॉयने पायरीलाच माथा समजला.

तिसरी चूक अर्थाची नाही, जागेची. आमच्या मते सर्वांत गंभीर तीच. जॉयने आपला अर्थ समासात लिहिला नाही, मजकुरात घातला. त्या काळच्या छापील बायबलात समासटिपांची पद्धत होतीच. जॉयने तिथे दोन ओळी लिहिल्या असत्या, ‘येथे पुनरुत्थान म्हणजे या जीवनानंतरचे जीवन असे मला वाटते’, तर वाचकाच्या हाती मूळ शब्दही राहिला असता आणि जॉयचे मतही.

टिंडेलचा सुधारित नवा करार नोव्हेंबर १५३४ मध्ये मार्टिन द कैसरच्या छापखान्यातून आला. त्यात एक जादा प्रस्तावना होती, सगळी जॉयवर. राग ओळीओळीतून दिसतो. जॉयने मत्तय, मार्क व लूकमध्ये सर्रास, प्रेषितांच्या कृत्यांत बऱ्याचदा, योहान व इब्री लोकांस पत्रात काही ठिकाणी हा शब्द बदलला, जणू त्याला पुनरुत्थान या नावाचाच तिटकारा आहे, असे तो लिहितो. ही जर काळजीपूर्वक केलेली दुरुस्ती असेल, तर माझे, लॅटिन बायबलचा भाषांतरकार जेरोम याचे आणि आजवर कोणत्याही भाषेत झालेले प्रत्येक भाषांतर चुकीचे ठरते. ज्याला हवे त्याने स्वतःचे भाषांतर करावे, पण स्वतःच्या नावाने करावे.

याच प्रस्तावनेत टिंडेल जी उपमा देतो, तिच्यासाठी तरी ती वाचली पाहिजे. मजकूर अबाधित ठेवला, तर तो स्वतःच सारे खोटे अर्थ बाहेर टाकतो, उकळते भांडे मळी वर फेकते तसा. पण खोटा अर्थच मजकूर बनवला, तर मग खोटी शिकवण दुरुस्त करायची कशाने? गुऱ्हाळातली काहील ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. रस उकळला की मळी आपोआप वर येते आणि झाऱ्याने काढता येते. पण ती रसातच घोटून गूळ पाडला, की झारा काही कामाचा नाही.

टिंडेल म्हणतो ते नुकसान काल्पनिक नव्हते. देह सोडलेला आत्मा हेच पुनरुत्थानाचे आध्यात्मिक शरीर, दुसरे पुनरुत्थान होणारच नाही, असे मानणारे लोक जॉयच्या या खटपटीमुळे तयार झाले, असे तो नोंदवतो. त्यांतल्या काहींशी आपण स्वतः बोललो, आणि ते खांबाला समजावण्यासारखे होते, असेही लिहितो. जॉयला हे अभिप्रेत नव्हते. पण शब्द एकदा मजकुरात गेला की लेखकाचा हेतू त्याच्यासोबत छापला जात नाही.

आणि टिंडेलचे स्वतःचे मत? ते त्याने लपवले नाही, आणि ते मोजूनमापून मांडले आहे. ख्रिस्त ज्या शरीरात मेला त्याच शरीरात उठला, आणि आपण सारे, चांगले व वाईट, शरीरासह उठू, हा आपला विश्वास. मेलेल्यांच्या आत्म्यांबद्दल मात्र : ख्रिस्त ज्या पूर्ण वैभवात आहे त्यात ते आताच पोहोचले आहेत, हे मला पटलेले नाही. ते माझ्या विश्वासाचे कलमही नाही. शास्त्रातून उघडपणे सिद्ध झाले तर मानायला तयार आहे. आत्मा मरतो असे तो म्हणत नाही. ‘पूर्ण वैभव’ आणि ‘अस्तित्व’ यांत तो फरक करतो. जॉयने मात्र आपल्या प्रत्युत्तरात टिंडेल आत्म्यांना न्यायाच्या दिवसापर्यंत झोपवून ठेवतो असा आरोप केला. दोघांपैकी कोणाचेच खरे मत दुसऱ्याच्या पुस्तकात सापडत नाही. एकावर ‘पुनरुत्थान नाकारणारा’ अशी चिठ्ठी लागली, दुसऱ्यावर ‘आत्मा झोपवणारा’.

तो काळ पाहता ही भीती समजण्यासारखी आहे. आत्म्याची झोप हे मत अ‍ॅनाबाप्टिस्टांच्या, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या, नावावर जमा होत होते आणि त्यांना कॅथलिक व सुधारणावादी दोघेही पकडत होते. त्याच १५३४ साली ओर्लेआंमध्ये तरुण जॉन कॅल्व्हिनने आत्म्याच्या झोपेच्या मताविरुद्ध आपला पहिला धर्मशास्त्रीय ग्रंथ लिहिला. तो छापला गेला १५४२ मध्ये. टिंडेलशी जुळणारे मत जाहीरपणे बाळगणे म्हणजे आपल्याच पक्षात एकटे पडणे होते.

समेटाचा प्रयत्न झाला. जॉयच्या सांगण्याप्रमाणे टिंडेलने ती प्रस्तावना मागे घ्यायची आणि दोघांनी मिळून वाचकाला निवेदन द्यायचे ठरले होते; ते घडले नाही. जानेवारी १५३५ मध्ये जॉयची दुसरी आवृत्ती निघाली, या वेळी त्याच्या नावानिशी, आणि फेब्रुवारी १५३५ च्या अखेरीस त्याचे प्रत्युत्तर. टिंडेलची निम्मी मागणी, नाव घालण्याची, अशी पूर्ण झाली.

वाद तिथेच तुटला, कारण २१ मे १५३५ रोजी हेन्री फिलिप्सच्या फितुरीने टिंडेल अँटवर्पमध्ये पकडला गेला. व्हिलव्होर्डच्या किल्ल्यात सोळा महिन्यांहून अधिक काळ कैदेत ठेवून ऑक्टोबर १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारले आणि प्रेत जाळले. फिलिप्सच्या यादीत जॉयही होता. तो निसटला आणि १५५३ पर्यंत जगला.

भाषांतराच्या बाजूने निकाल टिंडेलचा लागला. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलात मत्तय २२:३१ ला ‘पुनरुत्थान’च आहे, मराठी पवित्र शास्त्रातही तोच शब्द आहे. सिद्धांताच्या बाजूने मात्र पारडे जॉयकडे झुकले. १५५३ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडची बेचाळीस कलमे निघाली, त्यांतले चाळिसावे म्हणते की देह सोडणाऱ्यांचे आत्मे शरीराबरोबर मरत नाहीत आणि निष्क्रिय झोपतही नाहीत. १५६३ मध्ये कलमांची फेररचना झाली, तेव्हा हे कलम गाळले गेले. तरी बहुतेक प्रोटेस्टंट चर्चची शिकवण त्याच अंगाने राहिली. १६४० च्या दशकातला वेस्टमिन्स्टरचा विश्वासस्वीकार तर आत्मे मरत नाहीत व झोपत नाहीत असे पुन्हा स्पष्ट लिहितो. वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतस्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लागतात त्या १३३६ व १४३९ च्या निर्णयांच्या परंपरेत. आणि पुण्यात ज्यांचे विद्यापीठ आहे ते सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पुनरुत्थानापर्यंत मृत अजाण झोपेत असतात असेच आजही शिकवतात.

मराठी अभ्यासवर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर सुरुवात ‘आत्मा अमर आहे का’ या प्रश्नाने करू नये. चर्चा पाच मिनिटांत गीतेकडे किंवा अंत्यविधीच्या आठवणींकडे वळते. तिन्ही शुभवर्तमानांतला हा उतारा तीन स्तंभांत लिहून द्यावा. ‘उठणे’ आणि ‘जिवंत असणे’ या अर्थाचे शब्द दोन रंगांनी अधोरेखित करायला सांगावे. मग एकच विचारावे : अब्राहाम आज जिवंत आहे, हे येशूच्या उत्तराचे टोक आहे की मधला टप्पा? लूक २०:३८ पाशी वर्ग दोन गटांत विभागला जातो. तिथे घाई करू नये. आणि कोणी आपला अर्थ सांगितला, की तो फळ्यावर उताऱ्याच्या शेजारी लिहावा. उताऱ्यातला शब्द पुसून त्याच्या जागी नव्हे.